२४ ते ४२ : ‘केस क्लोज्ड’मधली बहुरूपी बाई

शंभराहून जास्त खंडांची चित्रकथा घ्यायची म्हटली की आधी खिशालाच घाम फुटतो. गोशो आओयामा यांची ‘मेइतान्तेई कोनान’ जानेवारी १९९४ पासून जपानच्या ‘शोनेन संडे’ साप्ताहिकात चालू आहे आणि अजून संपलेली नाही. इंग्रजीत ती व्हिझ मीडियाने २००४ पासून आणली. कायदेशीर अडचण नको म्हणून तिथे ‘कोनान’ हे नाव मुखपृष्ठावरून गेलं आणि मालिका ‘केस क्लोज्ड’ झाली. भारतात बहुतेकांच्या हाती हीच आवृत्ती पडते, म्हणून हे परीक्षण तिचं. तेही सगळ्या आवृत्तीचं नाही. एका खलनायिकेसाठी कुठले खंड घ्यावेत, ते कसे वाचावेत आणि या आवृत्तीत काय हरवतं, एवढंच इथे बघायचं आहे. ती खलनायिका म्हणजे व्हर्मूथ.

मालिका अजिबात माहीत नसेल तर थोडक्यात. अकरावीतला शिनिची कुदो हा हुशार पोरगा पोलिसांना गुन्हे उकलून देतो. एका करमणूक बागेत काळ्या कपड्यांतल्या एका माणसाचा गुपचूप व्यवहार बघताना त्या माणसाच्या साथीदाराचा फटका मागून त्याच्या डोक्यात बसतो आणि त्याला विषाची गोळी चारली जाते. तो मरत नाही. पहिलीतल्या पोराएवढा होतो. कोनान एदोगावा हे नाव घेऊन तो मैत्रीण रान हिच्याच घरी राहतो. तिचे वडील खाजगी गुप्तहेर, म्हणजे प्रकरणं घरपोच. काळ्या कपड्यांतली ती माणसं एका संघटनेची. संघटनेत माणसाला नाव नसतं, दारूचं टोपणनाव असतं.

आता हिशेब. व्हिझचा एक खंड साधारण १९० पानांचा, ५ इंच बाय साडेसात इंच, साध्या पुठ्ठ्याचा. जपानी मूळ खंड याहून लहान असतो आणि त्यावर सुटं वेष्टन असतं. इथे ते नाही. एका खंडात दहा-अकरा प्रकरणं असतात आणि एक गुन्हा सहसा तीन प्रकरणांत उरकतो. तीनाने दहाला पूर्ण भाग जात नाही, आणि घोळ नेमका इथेच होतो. जवळजवळ प्रत्येक खंडाच्या शेवटी एक गुन्हा अर्धवट लटकतो आणि पुढच्या खंडात सुटतो. सुटे खंड घेणाऱ्याला हे आधी माहीत हवं, नाहीतर प्रेत एका पुस्तकात आणि खुनी दुकानात राहतो.

दुसरी गोष्ट अशी की बहुतेक खंडांत काळ्या संघटनेचा मागमूसही नसतो. बंद खोलीतले खून, वारसाहक्काची भांडणं, सहलीला गेलेल्या पोरांना सापडलेली प्रेतं हाच मालिकेचा रोजचा वरणभात. त्यात वाईट काही नाही, पण व्हर्मूथचा धागा धरायचा असेल तर पहिल्या ४२ खंडांपैकी ११ पुरतात : १, २, १८, २४, २७, २९, ३४, ३५, ३७, ३८ आणि ४२. उरलेल्या ३१ खंडांचे पैसे वाचले. ३४-३५ आणि ३७-३८ या जोड्या फोडू नका. दोन्हींत एकच गोष्ट दोन खंडांत वाटली गेलीय. एकच खंड परवडत असेल तर ४२ घ्यावा असं वाटेल. तसं करू नका. ४२ मध्ये मागच्या १८ खंडांची उधारी चुकती होते, आणि उधारी ठाऊक नसेल तर नुसती गोळाबारी दिसते. एकच घ्यायचा तर २४ घ्या.

क्रमाने बघू. पहिल्या खंडात जिन आणि व्होडका भेटतात. जिन म्हणजे लांब चंदेरी केस, काळा कोट, काळी टोपी आणि जुनी पोर्श ३५६ ए गाडी. दुसऱ्या खंडात एक अब्ज येनच्या दरोड्याचं प्रकरण आहे. ते वाचताना एरवीसारखंच वाटतं, पण त्यातली तरुणी जिनच्या गोळीने मरते आणि तिच्या मरणाचे धागे पुढे वर्षानुवर्षं फुटत राहतात. १८ मध्ये तिची धाकटी बहीण येते. संघटनेतली शास्त्रज्ञ, टोपणनाव शेरी, त्या विषाची जननी. संघटनेने कोंडून ठेवल्यावर मरायचं म्हणून तिने स्वतःच ते विष खाल्लेलं असतं, त्यामुळे तीही आता पोर झालेली आहे. शाळेत तिचं नाव आई हाइबारा, इंग्रजी आवृत्तीत अनिता हेली. विषाचं नाव एपीटीएक्स ४८६९. यातला आकडा उगीच घातलेला नाही. जपानीत ४-८-६-९ चा उच्चार ‘शि-या-रो-कु’ असा करता येतो, म्हणजे शेरलॉक. इंग्रजी पानावर तो नुसता आकडाच उरतो.

२४ व्या खंडातलं हाइदो सिटी हॉटेलचं प्रकरण म्हणजे या अख्ख्या धाग्याचा पाया. बर्फ पडतंय, हॉटेलात एका चित्रपट दिग्दर्शकाच्या स्मरणार्थ मेळावा भरलाय आणि तिथे एका राजकारण्याचा खून होणार आहे. मारेकऱ्याचं टोपणनाव पिस्को एवढंच माहीत. तो कोण हे कोनानला गर्दीतून हुडकायचं असतं. आओयामांचं कसब इथे पणाला लागतं : काचेचं झुंबर, अंधार, जांभळा रुमाल, एक छायाचित्र. सगळे दुवे पानावर आहेत. फक्त वाचणारा हाइबाराच्या जिवाच्या काळजीत इतका गुंततो की रुमाल बघायचा राहून जातो. मग छतावर जिन आणि हाइबारा समोरासमोर येतात. कोनान लांबून गुंगीची सुई मारतो, तेव्हा जिन जागं राहण्यासाठी स्वतःच्याच दंडात गोळी घालतो. खलनायक किती पाण्यात आहे हे सांगायला एवढी एक चौकट बस होते, भाषण लागत नाही.

आणि या सगळ्या धामधुमीत, मेळाव्याच्या गर्दीत, एक अमेरिकन नटी उभी असते. क्रिस विनयार्ड. वाचक तिच्यावरून पान उलटतो. प्रकरणाच्या शेवटी ती जिनशी मार्टिनीबद्दल बोलते तेव्हा कळतं की ही व्हर्मूथ. जिन आणि व्हर्मूथ मिसळले की मार्टिनी होते. दोघांतलं जुनं काहीतरी एवढ्या एका शब्दात सांगून आओयामा पुढे निघतात. ज्यांना कॉकटेलचं ज्ञान नाही त्यांच्यापर्यंत हे पोचत नाही, आणि व्हिझच्या आवृत्तीत खाली टीप वगैरे मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये.

टोपणनावांचा विषय निघालाच आहे तर त्यात एक पद्धत दिसते. बायकांची नावं द्राक्षाच्या वाइनवरून : शेरी, कियांती, कीर (वाइन घालून केलेलं पेय), व्हर्मूथ (जडीबुटी घातलेली वाइन). पुरुषांची नावं कडक दारूवरून : जिन, व्होडका, टकीला, कॅल्व्हाडोस, रम. मूळ चित्रकथेत तरी हे बऱ्यापैकी पाळलंय. २०१६ च्या चित्रपटात क्युरासाव (हे वाइन नव्हे, लिक्युअर) नावाची बाई आली आणि गणित बिघडलं, पण चित्रपट हा वेगळा संसार. एखादं नवं टोपणनाव आलं की ही खूण लावून बघा. पुढे बर्बन, राय आणि स्कॉच ही तीन व्हिस्कीची नावं एकत्र येतात तेव्हाही लक्ष ठेवा. जास्त सांगत नाही.

व्हर्मूथ जिनपेक्षा सरस खलनायिका का? जिन भीतीदायक आहे, पण त्याला एकच काम येतं. शिवाय आपण मारलेल्या माणसांची नावं आणि चेहरे लक्षात ठेवायचे नाहीत ही त्याची सवय लेखकाच्या फारच सोयीची आहे. शिनिची कुदो हे नाव कानावर पडूनही त्याच्या डोक्यात घंटी वाजत नाही आणि मालिका आणखी वीस वर्षं चालू शकते! व्हर्मूथला मात्र सगळं लक्षात आहे. कोनान कोण, हाइबारा कोण, हे तिला पक्कं माहीत होतं आणि तरी ती संघटनेला सांगत नाही. बोलली तर मालिका संपेल, हे तर झालंच. पण आओयामांनी तिच्या गप्प राहण्याला कारण दिलंय. ते कारण ३४-३५ मध्ये आहे.

न्यूयॉर्कचं प्रकरण रानच्या आठवणीतून सांगितलंय, कोनान लहान होण्याच्या वर्षभर आधीचं. शिनिचीची आई युकिको पोरांना ब्रॉडवेच्या नाटकाला नेते. तिची जुनी मैत्रीण, ख्यातनाम नटी शॅरन विनयार्ड, तिथे असते. क्रिसची ती आई म्हणून ओळखली जाते. वेषांतराची कला या दोघी एकाच जादूगाराकडे शिकलेल्या. नाटकात खून होतो, तो शिनिची सोडवतो; कोडं ठीकठाक आहे, फार अपेक्षा ठेवू नका. खरा ऐवज त्यानंतरच्या पावसाच्या रात्री आहे. शहरात एक माथेफिरू खुनी मोकाट फिरतोय. जुनाट इमारतीच्या जिन्याचा कठडा तुटून तो खाली कोसळणार, तेवढ्यात रान त्याचा हात धरते. खुन्याचा. शिनिचीही मदतीला येतो. का वाचवलंस, या प्रश्नावर त्याचं उत्तर असं की माणसाला मारायला कारण लागत असेल, वाचवायला कारण कशाला लागतं? ही पानं हळू वाचा. त्या खुन्याचा चेहरा, केस, चौकटीत तो कुठे उभा आहे, सगळं पुढे कामाला येतं.

३७-३८ मध्ये एका संगणक तज्ज्ञाचं प्रकरण आहे. इथे व्हर्मूथ दिसत नाही. त्याच्या रोजनिशीतून एका बाईचा फोनवरचा आवाज तेवढा कळतो, आणि ती म्हणते की आम्ही देवही असू शकतो आणि सैतानही, कारण काळाच्या ओघाविरुद्ध मेलेल्यांना उठवू पाहतोय. संघटना नेमकं काय करतेय याचा मालिकेतला सगळ्यात जाड धागा म्हणजे ही ओळ. पुढच्या कित्येक खंडांतून त्यावर धड उत्तर मिळत नाही. हे खटकतं. ओढून ओढून लांबवणं या मालिकेला नवं नाही, पण एवढं मोठं वाक्य टाकून दिल्यावर थोडी तरी परतफेड हवी होती.

इथून पुढचे चार परिच्छेद गुपित फोडतात. पहिल्यांदा वाचणार असाल तर ‘आता भाषा’पासून पुढे वाचा.

२७ पासून ४२ पर्यंत आओयामा एकच डाव खेळतात. व्हर्मूथ कोणाच्या तरी रूपात कोनानच्या आसपास आहे. कोण? २७ मध्ये रानच्या शाळेत इंग्रजीची नवी अमेरिकन बाई येते, जोडी. व्हिडिओ गेमची वेडी, वर्गात बावळट, घरी मात्र भलतीच. २९ मधल्या बस अपहरणात ती आहे, विणलेली टोपी घातलेला खोकणारा शुइची आकाई आहे आणि शाळेचे डॉक्टर आराइदे आहेत. हाइबाराला संघटनेच्या माणसाचा नुसता वास आला तरी अंगावर काटा येतो, आणि बसमध्ये ती सीटवर अंग चोरून बसलेली आहे. म्हणजे तिघांपैकी एक. वाचक जोडीकडे बोट दाखवतो, कारण लेखकाने सगळा उजेड तिच्यावरच पाडलाय. अमेरिकन, संशयास्पद, कोनानवर पाळत ठेवणारी.

जोडी निघते एफबीआयची. व्हर्मूथ आहे डॉक्टर आराइदे. आणि फसवणूक प्रामाणिक आहे का हे तपासायची सोपी रीत आहे. ४२ संपवून २७ पुन्हा उघडा आणि कोनानला कोण काय म्हणतं ते मोजा. जोडी त्याला ‘कूल किड’ म्हणते. व्हर्मूथ मनातल्या मनात त्याला ‘कूल गाय’ म्हणते, आणि रानला ‘एंजल’. किड आणि गाय. एवढ्याशा फरकावर आओयामांनी पंधरा खंड वाचकाला झुलवलंय. पहिल्या वाचनात हे दोन शब्द डोळ्यांसमोरून सरसर निघून जातात, दुसऱ्या वाचनात मात्र पानातून डोकं वर काढतात. रहस्यकथेत लेखकाने खोटं न बोलता फसवलं पाहिजे, ही अपेक्षा इथे पुरी होते.

४२ मध्ये सगळं एका पौर्णिमेच्या रात्री होतं. एकीकडे भुतांच्या वेषातली जहाजावरची मेजवानी, जिथे शिनिचीच्या वेषात त्याचा गुप्तहेर मित्र हेइजी हात्तोरी आहे. दुसरीकडे धक्क्यावर जोडी, व्हर्मूथ आणि हाइबाराचा वेष घेतलेला कोनान. म्हणजे बहुरूप्याला बहुरूपानेच गाठलंय. अर्ध्याहून जास्त खंड या एका रात्रीत जातो. जोडीच्या बापाचा खून, त्याचा चश्मा, संत्र्याचा रस, ‘ए सीक्रेट मेक्स अ वुमन वुमन’ हे इंग्रजीतलंच वाक्य, आणि वीस वर्षांत या बाईचं वय का वाढलं नाही हा प्रश्न. शॅरन आणि क्रिस एकच, हे बोटांच्या ठशांवरून सिद्ध होतं. मग खरी हाइबारा टॅक्सीने तिथे येते आणि व्हर्मूथ बंदूक रोखते. गाडीच्या डिकीतून रान उडी मारून पोरीला मिठी मारते. व्हर्मूथच्या हातून गोळी सुटत नाही. न्यूयॉर्कच्या जिन्यावर जिने हात धरला, तिच्यावर ती गोळी कशी घालणार? ३५ वाचलेला नसेल तर इथे खलनायिका अचानक का थिजली ते कळतच नाही. यादीत ३४-३५ हट्टाने का ठेवले ते यावरून कळावं.

आता कुरकुर. आराइदे हा उंच पुरुष आहे. तोंडावरचा मुखवटा आणि आवाजाची नक्कल एकवेळ मान्य. खांदे, हात, गळ्याचं हाड यांचं काय? शाळेतल्या पोरांना तपासणाऱ्या डॉक्टरच्या हातांकडे कोणाचं लक्ष गेलं नाही? आओयामा या प्रश्नाला हात लावत नाहीत. मालिकेत वेषांतर म्हणजे परीकथेतलीच कला, जादूगाराकडून आलेली, ती मान्य करूनच पुढे जावं लागतं. ज्या वाचकाला पोलिसी तपासाचा कोरडा काटेकोरपणा हवा त्याला ही गोष्ट बोचत राहील.

आता भाषा. या आवृत्तीची मोठी उणीव हीच. पहिला त्रास नावांचा. शिनिची झाला जिमी, रान झाली रेचल मूर, तिचे वडील कोगोरो झाले रिचर्ड मूर, तिची मैत्रीण सोनोको झाली सेरेना सेबॅस्टियन, हेइजी झाला हार्ली हार्टवेल, हाइबारा झाली अनिता हेली, युकिको झाली व्हिव्हियन. बरेचसे पोलीस आणि खुनी, सगळी गावं मात्र जपानीच. त्यामुळे तोक्योत राहणारी मूर मंडळी सोबा खाताना दिसतात आणि वाचकाचा गोंधळ उडतो. जालावर चाहत्यांच्या सगळ्या चर्चा मूळ नावांनी चालतात आणि चित्रपटांच्या जपानी आवाजातही तीच नावं ऐकू येतात. पहिल्या खंडाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ही जोडी-यादी पेन्सिलने लिहून ठेवा. दोन-तीन खंडांत पाठ होते. टोपणनावं बदललेली नाहीत, एवढी कृपा.

दुसरा त्रास बारीक, पण व्हर्मूथच्या बाबतीत तो मोठा आहे. मूळ जपानीत ही बाई मध्येच इंग्रजीत बोलते, आणि जपानी पानावर ते इंग्रजी उठून दिसतं. जोडीचंही तसंच. ती मुद्दाम मोडकंतोडकं जपानी बोलते आणि वेळ आली की सफाईदार. कोण कोणत्या भाषेत केव्हा उडी मारतं ही मूळ कथेत खूण होती. सगळंच इंग्रजी झाल्यावर ती खूण पुसट होते. समजा, एखाद्या मराठी नाटकात पात्र अचानक कोकणीत बोललं आणि अनुवादकाने दोन्ही एकाच भाषेत आणलं, तर जे जाईल तेच इथे गेलंय. म्हणून ‘कूल किड’ आणि ‘कूल गाय’ शोधताना जास्त सावध राहावं लागतं. मूळ पानावर हे शब्द आपोआप डोळ्यांत भरत होते.

चित्रांबद्दल मात्र तक्रार नाही. पानं उलटी करून छापण्याचा मूर्खपणा व्हिझने केलेला नाही. जपानी पद्धतीनेच उजवीकडून डावीकडे वाचायचं. मराठी डोळ्याला सवय व्हायला अर्धा तास लागतो. पुस्तक ‘मागून’ उघडा, पानाच्या उजव्या वरच्या चौकटीपासून सुरुवात करा आणि चौकटीतले फुगेही उजवीकडूनच घ्या. चुकतं ते इथेच. चौकटींचा क्रम लोक बरोबर धरतात आणि फुगे सवयीने डावीकडून वाचतात, मग उत्तर आधी आणि प्रश्न नंतर येतो. रहस्यकथेत हे परवडत नाही.

बांधणी गोंदाची आहे. पुस्तक टेबलावर पालथं दाबून ठेवलं की पाठीला चीर पडते आणि मधली पानं सुटू लागतात. घट्ट बांधणीमुळे आतल्या कडेची अक्षरं अर्धी शिवणीत जातात, ती बघायला पुस्तक ताणलं जातं आणि चीर वाढते. कागद खरखरीत, पिवळट छटेचा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तो ओल धरतो. बंद कपाटात भिंतीला चिकटवून ठेवण्यापेक्षा उघड्या फळीवर, दोन बोटं अंतर सोडून ठेवावा. डिजिटल आवृत्तीत या कटकटी नाहीत आणि चौकट मोठी करून रुमाल-झुंबरासारखे दुवे बघता येतात, पण लहान फोनवर जोडपानाची चित्रं दोन तुकडे होऊन येतात. धक्क्यावरचा प्रसंग निदान टॅब्लेटवर वाचा.

प्रत्येक खंडाच्या शेवटी एक पान जगातल्या कुठल्या ना कुठल्या गुप्तहेरावर असतं. आओयामा तिथे त्याचं चित्र काढतात आणि एखादी वाचण्याजोगी गोष्ट सुचवतात. पहिल्या खंडात होम्स आहे. पोरांना रहस्यकथेच्या वाटेला लावायला ही पानं उत्तम. फक्त खंडांवरची ‘मोठ्या किशोरांसाठी’ ही पट्टी मनावर घ्या. चित्रं गोंडस दिसतात म्हणून आठ वर्षांच्या पोराच्या हाती पहिला खंड दिला तर पहिल्याच प्रकरणात रोलर कोस्टरवर मुंडकं उडतं.

४२ नंतर व्हर्मूथचं काय होतं? खरं सांगायचं तर ती थोडी उतरते. जिच्या नावाने पंधरा खंड अंगावर काटा आला ती पुढे बराच काळ इतरांना मुखवटे पुरवणारी, गाडीत बसून टोमणे मारणारी बाई होते. ५६ ते ५९ मध्ये कीरच्या प्रकरणात मोठी लढाई आहे, पण ती एफबीआय आणि जिनची. ७८ मधल्या आगगाडीच्या प्रकरणात ती पुन्हा तेजाळते : बर्बनच्या जोडीला, हाइबाराच्या जिवावर उठलेली, आणि डब्यात समोर जुनी मैत्रीण युकिको. हा खंड यादीत बारावा म्हणून जोडायला हरकत नाही, पण मधले वाचले नसतील तर बर्बन कोण या कोड्याची मजा जाते. खलनायिका म्हणून ४२ पर्यंतच्या तिला पाचपैकी पाच. त्यानंतरच्या तिला तीन. या इंग्रजी आवृत्तीला साडेतीन, आणि कापलेला दीड गुण भाषेचा आणि बांधणीचा.

चित्रपटांत २०२३ चा, २६ वा, तिच्यासाठी बघावा. त्यात इंटरपोलचं समुद्रातलं केंद्र आणि वय वाढलं तरी चेहरा ओळखणारी यंत्रणा आहे, म्हणजे अशी गोष्ट जिला व्हर्मूथने सगळ्यात जास्त घाबरायला हवं. १,००० कोटी येनच्या वर गेलेला हा मालिकेतला पहिला चित्रपट. सुरुवातीला दुकानासमोरच्या रांगेत हाइबारा एका म्हातारीसाठी आपला नंबर सोडते, तो प्रसंग नीट बघून ठेवा. मात्र हा चित्रपट ४२ च्या आधी बघू नये. हाइबारा आणि ही बाई यांच्यातलं काहीच कळणार नाही.

शेवटचा एक उपाय, फुकटातला. ४२ च्या शेवटी अर्धवट शुद्धीत असलेल्या कोनानच्या कानावर व्हर्मूथच्या मोबाइलच्या बटणांचे आवाज पडतात. ती संघटनेच्या प्रमुखाला संदेश पाठवत असते. पुढे त्या आवाजांची चाल ‘नानात्सु नो को’ या १९२१ च्या बालगीताशी जुळते. कावळा का ओरडतो, तर डोंगरात त्याची पिल्लं आहेत, असं ते गाणं. प्रत्येक जपानी वाचकाच्या ते कानात असतं, म्हणून त्याला त्या पानावर दचकायला होतं; आपल्याला चित्रातली बटणं मुकी दिसतात. खंड उघडण्याआधी ती चाल एकदा ऐकून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे. मग बटणं वाजायला लागतात.